लोह्यापुढचा चढ आणि माझा टर्बो

माझी गाडी भंगारात द्यायची, हे मला सोडून माझ्या घरात सगळ्यांचं ठरलं होतं.

जुनी डिझेलची कार, चार सिलिंडरची. रंग एके काळी पांढरा होता. मी चौथीपर्यंत शिकलो, तेही रडतखडत. पण उदगीरच्या लाईनीला जीप चालवली, किल्लारीच्या वाटेला चालवली, आणि उतारवयात स्वतःच्या हिमतीवर ही गाडी दारात उभी केली. त्यामुळं तिच्याबद्दल कुणी वाकडं बोललं की मला सहन होत नाही. आजही होत नाही.

गाडीत खोड एकच. नांदेडहून लातूरला जाताना लोह्याच्या पुढं, अहमदपूरच्या अलीकडं एक लांब चढ लागतो. तिथं ती दम टाकायची. रिकामी असली की कशीबशी चढायची. माणसं बसलेली असली की दुसरा गिअर टाका, पहिला टाका, आणि शेवटी थांबाच. एका दिवाळीत मुलीला आणायला लातूरला निघालो तेव्हा तिथंच थांबली. माझा मुलगा कचेरीत नोकरीला आहे. इस्त्रीचे कपडे घालून निघाला होता. तो खाली उतरून ढकलायला लागला आणि मागून कडब्याचा ट्रॅक्टर आला.

"ओ साहेब, दोर टाकू का?" ट्रॅक्टरवाला ओरडला.

मुलानं इस्त्रीच्या कपड्यांवरची धूळ झटकली. घरी परत आल्यावर बोलला.

"आबा, बास झालं आता. ही गाडी भंगारात द्या. मी नवी आणतो. तुमी आरामात मागं बसा."

"मागं शेळ्या बसतात. मी न्हाई बसत."

"मग चढवा ना तिला एकदा! माणसं बसवून, न थांबता चढवून दाखवा."

तो रागात बोलला होता, पण मी धरून बसलो. आठवडाभर तेच डोक्यात. मग सगळे जेवायला बसले असताना सांगितलं, "त्या चढाला घरची माणसं बसवून गाडी नेऊ. मधी थांबली, तर किल्ली तुझी. परत मी स्टेअरिंगला हात लावणार न्हाई. आन चढली, तर भंगाराचं नाव या घरात निघायचं न्हाई."

बायको म्हणाली, "आवो, असं शब्दबिब्द कशाला देऊन राहिलाव? गाडी हाय ती, काय कोर्टातली केस हाय का?"

पण शब्द देऊन झाला होता. मुलानंही मान हलवली होती.

आमच्या नांदेडात देगलूर नाक्याच्या बाजूला एक मिस्त्री आहे. वयानं माझ्या मुलाएवढा, पण मिजास अशी की तालुक्यातली सगळी इंजनं त्यानंच जन्माला घातलीत. त्याच्याकडं गेलो आणि म्हणालो, गाडीत ताकद कमी पडून राहिली, काय करायचं? तो बॉनेट उघडून बघत राहिला. मग हसला.

"काका, इंजन चांगलंय तुमचं. सांस कम पडता. टर्बो लगाते क्या?"

टर्बो म्हणजे काय ते मला तोवर ऐकून माहीत होतं, हातात घेतलेला नव्हता. गोगलगाईच्या शंखासारखा लोखंडी डबा असतो. एका बाजूनं सायलेन्सरकडं जाणारा धूर आत घुसतो आणि पंखा फिरवतो. त्याच दांड्यावर दुसऱ्या बाजूला दुसरा पंखा असतो, तो बाहेरची हवा इंजनात कोंबतो. म्हणजे जो धूर वाया जायचा त्याच्याच जोरावर इंजनाला जास्त हवा. जास्त हवा मिळाली की जास्त डिझेल जाळता येतं. मला ही गोष्ट इतकी पटली की मी तिथल्या तिथं हो म्हणालो. मुलगा म्हणाला, पासिंगला गाडी नेली की साहेब विचारतील हे काय बसवलंय. मी म्हणालो, विचारतील तेव्हा सांगू.

अपघातात चेंबलेल्या एका टेम्पोचा टर्बो भंगारातून मी स्वतः निवडला. पंखा बोटानं फिरवून बघितला, दांडा हलतो का बघितला. पण तो आमच्या गाडीचा नव्हता, त्यामुळं कुठलंच भोक कुठल्या भोकाला जुळेना. लोखंडाची जाड पट्टी कापून मधला तुकडा केला. तो एकदा तडकला. परत केला. उन्हाळा त्यात गेला, पावसाळा त्यात गेला. मी रोज जेवणाचा डबा घेऊन जायचो आणि मिस्त्रीच्या डोक्यावर बसायचो. आमची भांडणं व्हायची. एकदा त्यानं पाना फेकला आणि म्हणाला, "तुमीच लावा!" मी पाना उचलला आणि लावायला लागलो. मग तोच आला आणि माझ्या हातातून पाना घेतला.

एक गोष्ट त्यानं मला नीट सांगितली होती, ती इथं सांगणं भाग आहे. टर्बोचा पंखा भयंकर वेगानं फिरतो, म्हणून त्याला इंजनातलं ऑइल सतत लागतं. ऑइल वरून दाबानं येतं, पण परत खाली इंजनाच्या चेंबरमध्ये, म्हणजे ऑइलच्या टाकीत जाताना आपल्या वजनानं उतरतं, पन्हाळातून पाणी उतरावं तसं. त्या परतीच्या नळीसाठी चेंबरच्या बाजूला त्यानं भोक पाडलं होतं.

"काका, ध्यान से सुनो," तो म्हणाला आणि ऑइल मोजायची दांडी काढून माझ्या डोळ्यांसमोर धरली. "ये निशान के उप्पर एक बूँद नै. चेंबर भरला ज्यादा, तर परतीची नळी बुडती. नळी बुडली की टर्बोतलं तेल खाली उतरत न्हाई, हवेच्या वाटेनं इंजनात जातं. फिर खेल खल्लास."

"मला शिकवतो का? तू जलमायच्या आधी..."

"हां हां, मालूम. फिर भी सुनो."

मी ऐकलं. ऐकलं म्हणजे कानात घेतलं.

थंडीत लातूरच्या मुलीच्या नव्या घराची वास्तुशांती निघाली. माहेरचा आहेर घेऊन जायचं होतं: मुलीला साडी, आणि सासरच्या भावकीतल्या सगळ्या पुरुषांना टॉवेल-टोपी. आमच्याकडं एक माणूस आहेराविना राहिला तर ती गोष्ट त्याची नातवंडंसुद्धा बोलून दाखवतात. बायकोनं टॉवेल-टोप्यांचा गठ्ठा बांधला, पूजेला एक पितळी परात घेतली. मुलगा म्हणाला, "एसटीनं जाऊ." मी म्हणालो, "गाडीनं." त्यानं माझ्याकडं बघितलं. दोघांनाही कळलं होतं की तो दिवस आलाय.

निघायच्या आधी मी दांडी काढून बघितली. ऑइल बरोबर वरच्या निशाणाला होतं.

आता उदगीरच्या लाईनीवरची आमची रीत सांगतो. जीपा ऑइल प्यायच्या. लांबचं भाडं असलं, माणसं टपावर, मागच्या फळीवर बसलेली असली, की ड्रायव्हर निघताना ऑइलच्या डब्यातून एक घोट जास्त ओतायचा. पाहुण्याला पोट भरल्यावर आग्रहाची एक पोळी वाढतात तशी. इंजन वाटेत उपाशी राहू नये. आम्ही सगळे तसंच करायचो आणि आमच्या गाड्या कधी दगा द्यायच्या नाहीत. माझा हात डब्याकडं गेला. मिस्त्रीचं बोलणं आठवलं, नाही असं नाही. पण चढ माझा होता, किल्ली माझी जाणार होती, त्याची नव्हे. मी एक घोट ओतला. मग चढ आठवला आणि अजून थोडं ओतलं.

लोह्यापर्यंत गाडी अशी पळाली की मुलगासुद्धा सावरून बसला. पाय दाबला की क्षणभर काही नाही, मग शिट्टीसारखा बारीक आवाज निघायचा आणि गाडी मागून कुणी ढकलल्यासारखी सुटायची. मी मुलाकडं बघत नव्हतो. पण तो माझ्या पायाकडं बघत होता ते मला दिसत होतं. बायको मागच्या सीटवर आहेराचा गठ्ठा मांडीवर धरून बसली होती.

चढ सुरू झाला. समोर उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या. एरवी मी त्याच्या मागं रांगत गेलो असतो. तिसऱ्या गिअरातच पाय दाबला. शिट्टी झाली, आणि आम्ही दोन्ही ट्रॉल्या, ट्रॅक्टर, सगळं मागं टाकून पुढं गेलो. त्या दिवाळीला जिथं थांबलो होतो ती बाभळ गेली. इंजनाच्या गरमीचा काटा थोडा हलला आणि तिथंच राहिला.

"चढली की बया!" बायको म्हणाली.

"आजून माथा हाय," मुलगा म्हणाला. पण त्याच्या आवाजात पहिल्यासारखी धार नव्हती.

माथा दिसायला लागला. वर चहाची टपरी, तिच्या पत्र्यावर निळा कागद. काटा परत हलला म्हणून मी पाय थोडा उचलला. गाडी मंद व्हायला पाहिजे होती.

ती झाली नाही. आवाज वाढला.

मी पाय पूर्ण उचलला. आवाज अजून वाढला. आरशात बघितलं तर मागचा रस्ताच नव्हता, सगळा निळसर पांढरा धूर. इंजन बंद करायची तार ओढली. ती ओढली की डिझेल तुटतं आणि इंजन मरतं. मी ती मुळापर्यंत ओढली. काही फरक नाही.

हे मी एकदा बघितलं होतं. डिझेलच्या इंजनाला ठिणगी लागत नाही. त्याला जळायला काहीतरी आणि हवा मिळाली की ते फिरतं. डिझेल तुटलं तरी स्वतःचं ऑइल हवेच्या वाटेनं आत यायला लागलं, की ते त्याच्यावर फिरतं, आणि मग त्याला कुणी थांबवू शकत नाही. उदगीरच्या अड्ड्यावर एका जीपचं असं झालं होतं. ती ओरडत राहिली, ओरडत राहिली आणि शेवटी इंजनाची बाजू फोडून लोखंड बाहेर आलं. समोरच्या पानटपरीच्या पत्र्यात घुसलं. नशिबानं टपरीवाला जेवायला गेला होता.

आणि माथा समोर होता. गाडी आपल्याआप ओढत होती, जन्मात ओढली नव्हती तशी. मी काही करायची गरज नव्हती. नुसतं स्टेअरिंग धरून बसलो असतो तरी तिनं मला वर नेऊन सोडलं असतं. टपरी ओलांडली की शब्द राहिला, किल्ली राहिली. त्याच्यापुढं फुटली असती तर फुटली असती. चढली असंच म्हणावं लागलं असतं.

आरशात बायको दिसली. ती टोप्यांच्या गठ्ठ्याची गाठ नीट करत होती.

मी गाडी कडेला घेतली आणि ब्रेक दाबला.

क्लच दाबल्याबरोबर इंजनावरचं ओझं सुटलं आणि ते किंचाळलं. चौथा टाकून, ब्रेक दाबून क्लच सोडला, म्हणजे ओझ्यानं तरी मरेल. क्लच घसरला, जळका वास आला, इंजन तसंच.

"उतर! मागं पळ!" मी बायकोला म्हणालो. मुलाला ओरडलो, "चाकाला दगड लाव!"

मुलानं दगड लावला. आईला ओढून लांब नेलं. मी बॉनेट उघडलं. आवाज छातीत शिरत होता. सगळं इंजन थरथरत होतं, टर्बो लाल झाला होता. आता एकच उपाय होता, हवा बंद करायची. एअर क्लीनरचं तोंड पुढच्या बाजूला होतं, हाताच्या पंजाएवढं. त्याच्यावर हात ठेवायची हिंमत कुणाची नसते.

"टॉवेल आण!"

"कुठले?" बायको लांबून ओरडली.

"आहेराचे!"

"आवो, ते आहेराचे हायत!"

"आगं आण!"

मुलगा गठ्ठा घेऊन पळत आला. "आबा, मागं सरा! फुटंल ते!"

"परात आण."

मी टॉवेलाची चौघडी केली आणि तोंडावर दाबली. इंजनानं ती अशी ओढली की माझा हात आत जातो की काय वाटलं. वरून अजून टॉवेल ठेवले, वरून परात, आणि परातीवर छातीनं ओणवा झालो. मुलाला जा म्हणालो, पण तो गेला नाही. त्यानं माझ्या हातांवर हात ठेवून दाबलं. परात आमच्याखाली थरथरत होती. मग आवाज अडखळला, खोकला, परत उठला, अजून एकदा खोकला. आणि बंद पडला.

इतकी शांतता झाली की खालून येणाऱ्या ट्रॅक्टरचा आवाज ऐकू आला. तोच उसाचा ट्रॅक्टर. आमच्याजवळून जाताना ड्रायव्हर वाकून म्हणाला, "काय मामा, लई घाई व्हती न्हवं?"

मी गाडीत वाकून किल्ली काढली आणि मुलाच्या हातावर ठेवली.

"आबा, आता कशाला? नंतर बघू."

"आत्ता घे."

त्यानं घेतली. माझ्याकडं बघितलं नाही, खिशात टाकली.

बायको गठ्ठा आवरायला आली. टॉवेल झटकत हळूच म्हणाली, "माथा तर दिसत व्हता."

"दिसत व्हता," मी म्हणालो.

तिनं टॉवेल खाली ठेवला. मला पाणी दिलं.

इंजन निवल्यावर मुलानं स्वतः ऑइलची दांडी काढली. पुसली, घातली, परत काढली. "आबा, निशाण कुठंय हितं?"

"बुडालंय."

त्यानं मिस्त्रीला फोन लावला आणि आवाज मोठा केला. सगळं ऐकून घेतल्यावर मिस्त्री म्हणाला, "डाले ना काका तुमने? मालूम था मेरे कू!"

"आता काय करायचं ते बोल," मी म्हणालो.

त्यानं सांगितलं आणि आम्ही केलं. चेंबरचा नट सैल करून जास्तीचं ऑइल पाण्याच्या बाटलीत काढलं, निशाण वर येईपर्यंत. हवेच्या नळ्या सोडून आतलं तेल पुसलं, त्यात अजून एक टॉवेल गेला. मग सुरू करायची वेळ आली. बायको परात घेऊन एअर क्लीनरच्या तोंडापाशी उभी राहिली. मी म्हणालो, मी उभा राहतो. ती म्हणाली, "तुमचं वजन कमी हाय माझ्यापरीस." मुलगा माझ्या जागेवर बसला. मी बाजूला उभा राहून त्याच्या हाताकडं बघत होतो. किल्ली फिरली. भकाभका पांढरा धूर आला, आवाज थोडा वर गेला. बायकोनं दाबायला परात उचलली. आवाज खाली आला आणि तिथं थांबला. जसा रोज असतो तसा.

मुलगाच चालवत लातूरला घेऊन गेला. टर्बोच्या नादी लागला नाही, रांगत चढवली. मी डावीकडं बसलो होतो, पायाखाली नसलेला ब्रेक दाबत.

पूजा झाली, जेवणं झाली, आहेर झाला. टॉवेल कमी पडले असते, पण बायकोनं माझ्यासाठी घेतलेला आणि मुलासाठी घेतलेला त्यात घातला, आणि ज्या टॉवेलावर एअर क्लीनरच्या तोंडाचा काळा गोल उमटला होता तो घडी आत करून तळाला ठेवला. तो नेमका मुलीच्या सासऱ्यांच्या हाती गेला. त्यांनी तिथंच, सगळ्या पंगतीसमोर घडी मोडली.

"इवाई, ह्यो टॉवेल काय इंजनाला नेसवला व्हता का?"

"हाव," मी म्हणालो.

लोक हसले. मग मुलानं सगळी गोष्ट सांगितली. ट्रॅक्टर मागं कसा टाकला ते त्यानं उभं राहून, हातवारे करून सांगितलं. माझ्याकडं बघून नाही, पण सांगितलं. शेवटी कुणीतरी विचारलं, मग आता गाडी भंगारात?

मुलगा म्हणाला, "बघू."

पुढच्या वेळी लातूरला निघालो तेव्हा तोच चालवत होता. तोच चढ, तीच माणसं. ऑइल निशाणाला. बाभळ गेली, आम्ही थांबलो होतो ती जागा गेली, निळ्या कागदाची टपरी मागं पडली. गाडी थांबली नाही. माथ्यावर आल्यावर मी म्हणालो, "चढली."

"हां, चढली. पण तुमी कुठं चालवत व्हता?"

"शब्द गाडी चढायचा व्हता. कुणी चालवायची ते ठरलं नव्हतं."

त्यानं गिअर बदलला. बायको मागून म्हणाली, "बरोबर हाय त्यांचं."

"बरं, भंगाराचं नाव न्हाई काढत," तो म्हणाला. "पण किल्ली माझीच."

किल्ली त्याचीच. मी मागितली नाही, मागणार नाही. गाडी दारात उभी आहे. रोज सकाळी मी बॉनेट उघडतो, दांडी काढतो, धोतराच्या सोग्याला पुसतो, परत घालून काढतो आणि उजेडात धरून बघतो. मग मुलगा चहा पीत पीत दारात येतो आणि विचारतो, "किती हाय?"

मी सांगतो. तो दांडी माझ्या हातातून घेतो आणि स्वतः बघतो.